निघोजच्या कुंडावर भेटलेल्या मामांना

ती. मामांस,
सा. नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवील. तरीही ते सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही जे दाखवलंत ते वाहत्या पाण्याचे फोटो काढणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे.

पाण्याचा ब्लॅक अँड व्हाइट लाँग एक्स्पोजर, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेला फोटो, म्हटलं की आम्ही लेन्सवर दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश अडवणारी गडद काच, चढवतो. दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो. त्यातून प्रकाशाचा हजारावा हिस्सा कसाबसा आत येतो, आणि पंधरांश सेकंदाचं एक्स्पोजर मिनिटावर जातं. मिनिटभरात पाण्याचं धुकं होतं. देखणं असतं ते, पण निघोजच्या कुकडी नदीचं पाणी आणि दुसऱ्या कुठल्याही नदीचं पाणी त्यात सारखंच दिसतं. मला ते खटकायचं, उपाय सापडत नव्हता.

तुम्ही कॅमेऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. करंजाचं वाळकं पान भोवऱ्यात टाकलंत आणि म्हणालात, "ह्याच्याकडं बघा, किती येळात फिरून येतंय." पानाला फेरी पुरी करायला आठेक सेकंद लागत होते. मी दहाचा फिल्टर उतरवून सहा स्टॉपचा लावला. तो प्रकाश चौसष्टाव्या हिश्शावर आणतो. लेन्सचं छिद्र एफ ११वर, म्हणजे बरंच बारीक, ठेवल्यावर कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फिल्टरशिवाय एक अष्टमांश सेकंद दाखवत होता, त्याचे नेमके आठ सेकंद झाले. फेसाने एक फेरी घेतली आणि फोटोत एकात एक बसलेली पांढरी कडी उमटली.

मामा, ती कडी पाहिली तेव्हा मला इथले रांजणखळगे, म्हणजे कातळात कोरले गेलेले रांजणासारखे खोल खड्डे, खऱ्या अर्थाने दिसले. लाव्हा थंड होऊन झालेला हा बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. त्यावरून नदी वाहू लागली, भेगांपाशी भोवरे तयार झाले, त्यांत सापडलेले गोटे आणि वाळू गरगर फिरत कातळ घासत राहिले. फेस ज्या वाटेने फिरला, त्याच वाटेने गोटे फिरत आलेत. भोवरा आणि त्याने कोरलेला दगड एकाच चौकटीत मिळाले, ते तुमच्या एका पानामुळे.

रंग नकोत ते याचसाठी. गढूळ हिरवट पाणी आणि काठावरचं गवत नजर ओढून घेतात. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ओला कातळ जवळजवळ काळा, कोरडा राखाडी आणि फेस पांढरा, एवढंच उरतं. फेसातले बारकावे जाऊ नयेत म्हणून एक्स्पोजर त्याच्यावर धरलं आणि खळग्यांचे तळ काळे राहू दिले. ते काळेच असावेत, असं माझं ठाम मत आहे.

एका फोटोत पलीकडच्या कातळावर तुम्हीही आहात, अगदी स्पष्ट. फोटोग्राफीच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या दागेरने 1838 साली पॅरिसच्या एका रस्त्याचा फोटो काढला, तेव्हा एक्स्पोजर इतकं लांब होतं की धावत्या घोडागाड्या आणि चालती माणसं उमटलीच नाहीत. बूट पॉलिश करून घेणारा एक जण उभा होता, तेवढा राहिला. तुम्हीही आठ सेकंद तसेच निश्चल बसला होतात, कुणी सांगितलेलं नसताना.

आणखी एका गोष्टीसाठी आभार मानायचेत, आणि ती फोटोहून मोठी आहे. वरच्या धरणातून शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलं की पात्रातलं पाणी बघता बघता चढतं. तुम्ही खडकावरची एक खाच दाखवून बजावलंत, "ही बुडाली की सामान उचलायचं, फोटू अर्धा राहिला तरी." डोळा व्ह्यूफाइंडरला लागला की काठाचं भान राहत नाही, म्हणून आता कुठल्याही नदीवर ट्रायपॉड उघडण्याआधी मी अशी एक खूण ठरवते. सोबत येणाऱ्या मुलामुलींनाही तेच सांगते. शेवाळावर पाय द्यायचा नाही, हेही.

तुमचा फोटो मॅट कागदावर मोठा छापून नातवाच्या पत्त्यावर पाठवलाय. मामींसाठी भोवऱ्याचाही एक आहे. पुढचं आवर्तन ओसरून पाणी निवळलं की नातवाला फोन करायला सांगा. मळगंगेच्या देवळाखालचा तो अरुंद खळगा अजून राहिलाय, आणि तिथल्या पाण्याची फेरी किती वेळाची, ते तुमच्याबरोबर बसून मोजायचंय.

तुमची,
पुण्याची फोटोवाली