अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या मातांसाठी साहाय्याचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

अपुऱ्या दिवसांचे बाळ दूध ओढत नाही, तेव्हा घरात बहुधा आईलाच बोल लागतो. वास्तविक चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्ही क्रियांचा मेळ गर्भाच्या साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाच्या तोंडात घाईने दूध घातल्यास ते श्वासनलिकेत उतरू शकते, श्वास थांबतो आणि ओठ निळे पडतात. म्हणून अशा बाळाला आधी नळीने, मग वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने (लांब चोचीच्या छोट्या वाटीने) आणि हळूहळू अंगावर पाजले जाते. आपल्या आजीच्या फडताळातले बोंडलेच रुग्णालयात कामी येते, हे पाहून आम्हाला भरून आले. मात्र ते उकळलेले असावे लागते आणि बाळाला डोके वर राहील असे धरून, पहिला घोट गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा द्यावा लागतो.

हे शिकायला बाळाला काही आठवडे लागतात आणि तेवढे दिवस दर दोन-तीन तासांनी आईचे दूध व तिच्या उघड्या छातीची ऊब हवी असते. सरकारी रुग्णालयात बाळाचे उपचार मोफत होतात. परंतु जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मातेच्या मोफत आहाराची तरतूद साध्या प्रसूतीनंतर ३ दिवसांची आणि शस्त्रक्रियेनंतर ७ दिवसांची आहे. त्यानंतर दूरच्या वाडीवरची ओली बाळंतीण एक तर व्हरांड्यात पथारी टाकते, नाही तर बाळाला मागे ठेवून घरी जाते आणि तिचे दूध आटू लागते.

यासाठी जिल्हा रुग्णालयाजवळ दोन खोल्या भाड्याने घेऊन सहा मातांची राहण्याची व दोन वेळच्या जेवणाची सोय करण्याचे आमच्या महिला मंडळाने ठरविले आहे. भाडे, शिधा, गाद्या, दूध काढण्याचे हातपंप आणि स्टीलची बोंडली यांसाठी आपण यथाशक्ती मदत करावी, ही कळकळीची विनंती. पावडरीच्या दुधाचे डबे व दुधाच्या बाटल्या कृपया आणू नयेत. बाळांच्या पावडर-दुधाविषयी व बाटल्यांविषयी असलेल्या १९९२ च्या कायद्याने त्यांच्या अशा वाटपास मनाई आहे.

ज्या मातांनी स्वतः हे दिवस काढले आहेत, त्यांनी आठवड्यातून एखादी दुपार या खोल्यांवर यावे. नळी लावलेल्या बाळाला पाहून घाबरलेल्या नव्या आईला त्यांच्या शब्दांचा जितका आधार वाटतो, तितका आमचा वाटत नाही. देणगी मंडळाच्या कार्यालयात स्वीकारली जाईल व तिची पावती लगेच दिली जाईल.

आपल्या,
महिला मंडळाच्या सर्व सदस्या