माजी सैनिकांच्या घराचा कर: सूट कायद्यात आहे, मग काउंटरवर का मिळत नाही?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर तोच मेसेज परत फिरायला लागतो, माजी सैनिकांना घरपट्टी माफ, लवकर फॉर्म भरा. सातारा-कोल्हापूरकडच्या नातेवाईकांकडून तो येतो आणि मग इथल्या, इंदूरच्या, काका-मावश्यांचे मला फोन, की अगं आमचं पण होईल का, फॉर्म कुठे मिळतो. मी फौजी घरातली. वडील लष्कराच्या सिग्नल्समधे होते, जवळच्या महू छावणीतल्या पोस्टिंगनंतर इंदूरलाच राहिले, आणि मी स्वतः पेन्शनर मंडळींची इन्कम टॅक्स रिटर्नं भरून देते, म्हणून हे फोन माझ्याकडे येतात. त्यावर जरा सविस्तर लिहावंसं वाटलं.

तर तो मेसेज खोटा नाहीये पण तो आपला नाही. महाराष्ट्र सरकारनी 2020 मधे बाळासाहेब ठाकरेंच्या नावानी माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नींसाठी मालमत्ता कर माफीची योजना आणली, ती तिथल्या रहिवाशांसाठी आहे, एकाच घराला मिळते आणि जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचा दाखला लागतो. घराचा कर हा राज्याच्या कायद्याप्रमाणे लागतो त्यामुळे तिथला जीआर इंदूरला चालत नाही.

पण इथेच बहुतेक लोक थांबतात आणि म्हणतात जाऊ दे, आपल्या एमपीत काही नाही. आहे! मध्य प्रदेश महापालिका अधिनियम 1956, कलम 136, संपत्ती करातून कोणाला सूट आहे त्याची यादी त्यात दिलीये. त्यात स्वातंत्र्यसैनिक, संरक्षण दलांतले निवृत्त लोक आणि त्यांच्या विधवा यांच्या मालकीची घरं-जमिनी स्पष्ट लिहिलेली आहेत, ते हयात असेपर्यंत. फक्त एक अट आहे, त्यांना इन्कम टॅक्स भरण्यातून सूट असली पाहिजे. एवढीच अट, आणि सगळं घोडं तिथेच पेंड खातंय.

आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत, मिस्टर इन्फंट्रीत नायक होते, वारले. काकू प्लास्टिकच्या पिशवीत पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुकची झेरॉक्स, विधवा ओळखपत्र, जुन्या कराच्या पावत्या असं सगळं नीट लावून महापालिकेच्या एका काउंटरवर गेल्या. मी सोबत होते. समोरच्या माणसानी कागद उलटे-पालटे केले, त्यात त्यांच्या रिटर्नची पावती दिसली आणि तो म्हणाला, "आप तो रिटर्न भरती हैं, फिर छूट कैसी?" झालं, कागद परत पिशवीत. काकू काही बोलल्या नाहीत, खिडकीवर दुसरी लाइन होती तिथे जाऊन उभ्या राहिल्या आणि पूर्ण पैसे भरून आल्या. मी वाद घालायला लागले तर मलाच म्हणाल्या, राहू दे बेटा, लोक मागे थांबलेत.

आता त्या रिटर्न का भरतात ते ऐका. मिस्टर गेल्यावर जी रक्कम मिळाली ती बँकेत एफडीत आहे, त्या व्याजावर बँकेनी टीडीएस कापला, तो परत मिळवायला रिटर्न भरावंच लागतं. ते मीच भरलंय, त्यात भरायचा टॅक्स शून्य आहे आणि कापलेला सगळा रिफंड आलाय. म्हणजे सरकारचंच एक खातं म्हणतंय की बाई तुमच्याकडून आम्हाला एक रुपया नको, आणि दुसरीकडे त्याच कागदावर बोट ठेवून सूट नाकारतात. अट टॅक्स भरण्याची आहे, रिटर्न भरण्याची नाहीये. एवढा फरक काउंटरवरच्या माणसाला कोणी लेखी सांगितलेलाच नसेल तर तो तरी काय करणार, मी त्याला एकट्याला दोष देत नाही.

आणि हा घोळ आता जास्त महत्त्वाचा झालाय कारण इन्कम टॅक्सच बदललाय. 2025-26 या आर्थिक वर्षापासून नवीन रिजीममधे 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट मिळून, म्हणजे हिशोबात निघालेला टॅक्स सोडून देऊन, टॅक्स शून्य होतो, पेन्शनरला 75,000 चं स्टँडर्ड डिडक्शन धरलं तर पावणेतेरा लाख. फॅमिली पेन्शनवाल्या बायकांना ती वजावट 25,000 पर्यंतच मिळते पण त्यांची पेन्शनच कमी, साधी फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, कमीत कमी 9,000 आणि वर महागाई भत्ता. शिपाई, नायक, हवालदार, नायब सुभेदार, यातले बहुतेक सगळे आज शून्य टॅक्समधे येतात. फौजी पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवरून फॉर्म 16 (वर्षाची पेन्शन आणि टॅक्स यांचा दाखला) काढा, त्यात शेवटी देय कर निल लिहिलेला असतो. लष्करी कारवाईत ज्यांचे पती गेले त्यांची फॅमिली पेन्शन तर पहिल्यापासूनच करमुक्त आहे, परमवीर, महावीर, वीर चक्रवाल्यांची पेन्शन पण. मग कलम 136 चा फायदा या सगळ्यांना सरळ मिळायला पाहिजे की नाही? कोणी म्हणेल रिबेट वेगळी आणि सूट वेगळी. ठीक आहे, वकिली भाषेत असेल वेगळी, पण ज्याच्याकडून टॅक्स घेतच नाहीत त्याला ही सूट द्यायची असाच त्या अटीचा हेतू दिसतो, दुसरा काय असणार.

काही लोक मला विचारतात की फौजीला पेन्शन आहे, कॅन्टीन आहे, ईसीएचएस म्हणजे दवाखान्याची योजना आहे, अजून काय पाहिजे. त्यांच्यासाठी सांगते. शिपाई माणूस पस्तिशी-चाळिशीत घरी येतो, तेव्हा मुलं शाळेत असतात आणि स्वतःचं घर नसतं, कारण आयुष्य क्वार्टरमधे आणि बंकरमधे गेलेलं. मग तो पेन्शन कम्यूट करतो, म्हणजे तिचा काही हिस्सा सोडून त्याचे पैसे आधीच एकरकमी घेतो, फौजेत अर्ध्यापर्यंत करता येते, त्या पैशात राऊकडे किंवा सुदामा नगरच्या पुढे प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधतो. कम्यूट केलेला हिस्सा परत सुरू व्हायला 15 वर्षं लागतात. म्हणजे घर झालं त्याच दिवसापासून पुढची 15 वर्षं मूळ पेन्शन अर्ध्यापर्यंत कमी, आणि तेव्हाच मुलांच्या फिया, तेव्हाच सिक्युरिटी गार्डची नोकरी. आमच्या घरी हेच होतं, कराची पावती आली की आई आधी ती देवघराच्या ड्रॉवरमधे ठेवायची आणि महिन्याच्या पेन्शनची वाट बघायची. रक्कम फार मोठी नसते हे मान्य, राहत्या घराला तर निम्मी सूट सगळ्यांनाच आहे. पण जे कायद्यानी त्या माणसाचं आहे ते त्याला अर्ज-विनंत्या करून का मागायला लागावं.

अजून एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खटकते. नवरा बॉर्डरवर असताना रजिस्ट्री करायला रजा कुठे मिळणार, म्हणून बरीच घरं बायकोच्या नावावर आहेत. कायदा म्हणतो निवृत्त सैनिक किंवा त्याची विधवा. म्हणजे नवरा जिवंत असेपर्यंत बायकोच्या नावावरच्या घराला सूट नाही, तो गेला की मिळणार! हे कोणाच्या लक्षात आलं नसावं पण हे बदलायलाच पाहिजे, पती-पत्नी दोघांपैकी कोणाच्याही नावावर किंवा जॉइंट असलेलं एक राहतं घर धरा, प्रश्न संपला. यासाठी विधानसभेत दुरुस्ती लागेल, आमदारांनी मनावर घ्यावं.

बाकी ठिकाणी काय आहे तर दिल्लीत माजी सैनिकाला 200 चौरस मीटरपर्यंतच्या राहत्या घरावर 30 टक्के सूट आहे. माझा मामेभाऊ टेक्सासला असतो, तो सांगतो की तिथे फौजेत 100 टक्के अपंगत्व आलेल्याला राहत्या घराचा कर 2009 पासून पूर्ण माफ आहे आणि तो गेल्यावर ती माफी बायकोलाही पुढे चालू राहते. महूच्या छावणीत राहणाऱ्यांचं मात्र वेगळं, तिथे 2006 चा छावणी कायदा लागतो, त्यांनी कॅन्टोनमेंट बोर्डातच विचारावं.

माझी मागणी साधी आहे. महापालिकांनी एक लेखी आदेश काढावा की फॉर्म 16 किंवा रिटर्नमधे देय कर शून्य असेल तर अट पूर्ण झाली असं धरा, आणि तो आदेश प्रत्येक झोनच्या काउंटरवर चिकटवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे माजी सैनिकांची आणि विधवांची नोंद आहेच, ती यादी मागवून करखात्याशी जोडा, म्हणजे सत्तरीच्या बाईला दरवर्षी पिशवी घेऊन यायला नको. विधवा आणि अपंग जवान यांच्यासाठी तर माझ्या मते इन्कम टॅक्सची अटच काढून टाकावी, पूर्ण.

आणि तोपर्यंत वाचकांपैकी ज्यांचं घर या कलमात बसतं त्यांनी तोंडी विचारून परत येऊ नका. अर्ज लेखी द्या, त्यात कलम 136 लिहा, सोबत पीपीओ, माजी सैनिक किंवा विधवा ओळखपत्र, रजिस्ट्री आणि शून्य टॅक्सचा फॉर्म 16 लावा आणि आवक नंबर टाकून पोच घ्या. नाही म्हणाले तर नाही का ते लेखी मागा. काकूंचा अर्ज आम्ही असाच दिलाय, पोच आमच्याकडे आहे.

आपली,
एका माजी सैनिकाची मुलगी
लोकमान्य नगर, इंदूर