आईच्या मनगटावरचे दोन पॅच

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आई, पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये मनगटाला पॅच लावून 'शॉक' देणार म्हणून तू घाबरली आहेस, पण तो तुला कळणारही नाही. तू झोपल्यावरच सुरू करतात.

दुर्बिणीने पित्ताशय काढताना पोटात वायू भरतात. त्यासाठी स्नायू ढिले लागतात, म्हणून झोपेच्या औषधाबरोबरच अ‍ॅट्राक्युरियम किंवा रोक्युरोनियमही देतात. ते कितपत उतरलंय, एवढंच पॅचमधून विजेचे ठोके देणारी ही डबी सांगते. झोप किती गाढ आहे हे तिला कळत नाही; बाबा, तुमचा घोळ तिथेच होतोय.

मनगटाच्या आतल्या बाजूला, करंगळीकडच्या अंगाला, त्वचा स्पिरिटने पुसून दोन पॅच लावतात. काळी वायर हाताच्या पंजाकडे, दुसरी तीनेक सेंटिमीटर वर. अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने चार ठोके, साधारण ३० ते ६० मिलिअँपिअरचे. दर ठोक्याला अंगठा आत वळतो. औषध भिनलं की आधी चौथी हालचाल जाते, मग तिसरी. म्हणून स्नायूंचं औषध टोचण्याआधीच एकदा ठोके देऊन बघायचे, नाहीतर तुलना कशाशी करणार?

घशातली श्वासाची नळी काढायला चौथी हालचाल पहिलीच्या निदान ०.९ पट हवी. गोम इथेच आहे: ०.४ च्या वर गेलं की नुसत्या डोळ्यांना चारही सारख्याच दिसतात. घसा मात्र अजून लुळाच असतो, गिळताना ठसका लागून आंबट पाणी फुफ्फुसात जाऊ शकतं. म्हणून आकडा दाखवणारं यंत्र आहे का, हे भूलतज्ज्ञांना बिनदिक्कत विचारा.

उतारा म्हणून निओस्टिग्मिन. तुझ्या ६० किलोंना ३ मिलिग्रॅम, सोबत हृदयाचे ठोके फार मंदावू नयेत म्हणून ग्लायकोपायरोलेट. चारही हालचाली परतल्यावरच. दोनच दिसत असताना दिलं तर काम अर्धवट होतं. रोक्युरोनियम असेल तर सुगामाडेक्स हा दुसरा उतारा दोन हालचालींवरही चालतं, पण ते महाग. अ‍ॅट्राक्युरियमवर ते चालतच नाही.

फसवणारं बरंच असतं. हात गार पडला की अंगठा मंदावतो. त्याच दंडाला बीपीचा पट्टा असला तर तो फुगताना हालचाल दबते. हात सापडत नाही म्हणून पॅच भुवईजवळ लावले, तर कपाळ अंगठ्याआधी सावरतं आणि नळी घाईने निघते.

आणि आई, पाटल्या आजच साबण लावून काढ. आयत्या वेळी कापाव्या लागतात.

तुमची,
ताई