आईचे मशीन भंगारात जाऊ नये म्हणून

पर्वरी,
१४ जुलै

तीर्थरूप आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी सांगितले की, चवथीपूर्वी पडवी रिकामी करायची आहे आणि त्यात आईचे काळे पायमशीन भंगारवाल्याला देण्याचा विचार चालू आहे. चाक जड झाले आहे, टाके सुटतात, खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो आणि आईच्या गुडघ्यांना पायडल सोसत नाही, ही चारही कारणे मी ऐकली. त्या वेळी मी केवळ ‘थांबा’ एवढेच म्हणू शकले. जे सांगायचे होते ते फोनवर सांगण्यासारखे नव्हते, म्हणून हे पत्र लिहीत आहे आणि ते दोघांनी एकत्र बसून वाचावे अशी विनंती आहे.

जानेवारीपासून मी दर रविवारी म्हापशाच्या शिवणवर्गाला जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पहिले तीन रविवार आमच्या बाईंनी कापडाला हात लावू दिला नाही. सुईत दोरा न ओवता वहीचा रेघांचा कागद मशीनखाली धरायचा आणि सुईची भोके बरोबर रेघेवर पाडत जायचे, मग चौकोन, मग शंखासारखे आत वळत जाणारे वर्तुळ, असा तो अभ्यास होता. एक पाऊल थोडे पुढे व दुसरे मागे ठेवून टाच आणि चवडा आळीपाळीने दाबला की पायडल एका लयीत चालते. दोन्ही पाय एकदम दाबले की चाक मध्येच उलटे फिरते. आई, ‘चाकाची वरची बाजू आपल्याकडे यायला हवी, उलटे फिरवलेस तर दोरा तुटेल,’ असे तू मला लहानपणी बजावत असायचीस. त्या बजावण्याचे कारण मला आता समजले, आणि या पत्रातला बराचसा मजकूर अशाच कारणांचा आहे.

हाताने शिवायच्या सुईचे नेढे मागच्या टोकाला असते, कारण ती सुई कापडातून आरपार काढून घ्यायची असते. मशीनची सुई आरपार जात नाही. ती खाली जाऊन त्याच भोकातून वर येते, म्हणून तिचे नेढे पुढच्या टोकाजवळ असावे लागते. फ्रान्समधल्या तिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० साली मशीनचे पेटंट घेतले, पण त्याचा टाका एकाच दोऱ्याचा, साखळीचा होता. आपली उपजीविका जाईल या भीतीने पॅरिसच्या शिंप्यांनी त्याच्या कारखान्यातली मशीने पुढच्याच वर्षी मोडून टाकली. टोकाला नेढे असलेली सुई आणि खालून येणारा दुसरा दोरा यांची जुळणी करून अमेरिकेत इलायस हौ याने १८४६ साली पेटंट मिळवले. त्याच्याही आधी न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने तसे मशीन बनवले होते, पण त्याने त्या वेळी पेटंट घेतले नाही. तुझ्या मशीनचा टाका हौच्या कुळातला आहे.

साखळीटाका बाबांना चांगला माहीत आहे. तांदळाच्या पोत्याच्या तोंडाला जी शिलाई असते, तिचा योग्य टोकाचा दोरा ओढला की सगळी शिलाई सरसर निघून येते, ती शिलाई साखळीटाक्याची. आईची टीप तशी कधीच निघत नाही. ती उसवायची तर एकेक टाका कापावा लागतो, कारण तिच्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकलेले असतात आणि एका जागी दोरा तुटला तरी बाकीची टीप शाबूत राहते.

हे दोरे अडकतात कसे, ते बाईंनी मला चाक हाताने हळूहळू फिरवून दाखवले, आणि वर्गात शिकलेल्या सगळ्या गोष्टींत मला हीच सर्वांत सुंदर वाटली. सुई अगदी खाली जाऊन किंचित वर येऊ लागते, तेव्हा तिच्या एका अंगाला असलेल्या लांब खाचेत दोरा घट्ट बसलेला असतो, पण दुसऱ्या अंगाला तो कापडाला घासून मागे राहतो आणि त्याचा एक इवलासा फास तयार होतो. नेमक्या त्याच क्षणी शटलचे, म्हणजे सुईखाली अर्धे जाऊन परत येणाऱ्या आकड्याचे, टोक त्या फासात शिरते आणि खालच्या दोऱ्याचे बॉबिन, म्हणजे छोटी रीळ, ज्यात बसते त्या बॉबिन केसवरून तो फास ओढून पलीकडे नेते, म्हणजे वरचा दोरा खालच्या दोऱ्याला वळसा घालतो. मग पुढच्या बाजूला वर-खाली होणारा जो दांडा आहे, ज्याला टेक-अप लिव्हर म्हणतात, तो वर जाताना सैल पडलेला दोरा ओढून घेतो आणि टाका आवळला जातो. सुई कापडाबाहेर असतानाच, कापड वरून दाबून धरणाऱ्या दाबपट्टीखालचे दाते वर येतात, कापड एका टाक्याइतके पुढे सरकवतात, खाली बसतात आणि रिकामेच मागे जातात. चाक उलटे फिरले की शटलचे टोक फास धरत नाही, दोरा भलत्याच जागी गुंडाळला जातो आणि तुटतो. तू सांगत होतीस ते हेच.

वर्गात मशीनचे निरनिराळे प्रकार आहेत. हाताने फिरवायचे, पायाने चालवायचे आणि मोटरचे हे भेद तुम्हाला माहीत आहेतच. झिगझॅग मशीनमध्ये सुई डावी-उजवीकडेही हलते, म्हणून त्यावर साडीचा फॉल आणि काजे करता येतात. ओव्हरलॉकला खालचे बॉबिनच नसते. त्यात लूपर नावाचे आकडे दोरे गुंफतात आणि एक पाते कापडाची कड कापत जाते, त्यामुळे सुते निघत नाहीत. कारखान्यातल्या सरळ शिलाईच्या मशीनचे शटल अर्धे जाऊन परत येत नाही, ते सतत गोल फिरते, तेलाच्या टाकीतून आपोआप तेल घेते आणि मिनिटाला ५००० टाक्यांपर्यंत धावते. मी त्यावरही बसले आहे. घरात झबली, परकर आणि पोलकी शिवणाऱ्या माणसाला त्या वेगाचा काहीही उपयोग नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. आईच्या मशीनला मोजके भाग आहेत, त्यातला प्रत्येक भाग स्क्रू काढून हातात घेता येतो, आणि अशी मशीने नीट ठेवली तर पिढ्यान् पिढ्या चालतात.

आता त्या मशीनच्या तक्रारींकडे येते. एप्रिलमध्ये मी आले होते तेव्हा आईने मला एक तुकडा शिवून दाखवला होता, तो मी जपून ठेवला होता आणि गेल्या महिन्यात बाईंना दाखवला. वरची बाजू ठीक दिसते आणि खाली दोऱ्याची जाळी झालेली आहे. मी आजवर समजत होते की खाली गुंता झाला म्हणजे दोष खालच्या बॉबिनचा. प्रत्यक्षात उलट असते. वरचा दोरा सैल राहिला तर तो खाली फासांच्या रूपाने लोंबतो, आणि खालचा दोरा वर दिसू लागला तर वरचा ताण जास्त झालेला असतो. वरचा दोरा दोन चकत्यांच्या मधून जातो आणि दाबपट्टी खाली असताना त्या चकत्या त्याला चिमटून धरतात. पट्टी वर उचलली की सोडून देतात. म्हणून दोरा नेहमी दाबपट्टी वर करून ओवायचा, म्हणजे तो चकत्यांच्या आत नीट बसतो. बाबांनी एवढे करून पाहावे: दाबपट्टी वर असताना दोरा ओढावा, तो सहज यायला हवा, मग पट्टी खाली करून ओढावा, तेव्हा तो अडायला हवा. अडला नाही तर चकत्यांमध्ये जुन्या दोऱ्याचे तंतू साचलेले असतील, आणि ते पातळ कापडाच्या तुकड्याने पुसून काढता येतात.

टाके सुटण्याचे मूळ बहुधा सुईत आहे. सुईच्या वरच्या जाड भागाची एक बाजू सपाट असते, आणि लांब खाच तिच्या बरोबर विरुद्ध अंगाला असते. दोरा खाचेच्या बाजूने आत घालायचा. सुई थोडी फिरलेली बसली, पूर्ण वरपर्यंत गेली नाही किंवा किंचित वाकली, तर फास शटलच्या टोकाला सापडत नाही आणि टाका सुटतो. डोळ्यांना दिसत नसेल तर खाच नखाला लागते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांची नजर आईपेक्षा चांगली झाली आहे, तेव्हा सुई बसवणे आणि ओवणे हे काम यापुढे बाबांनी घ्यावे, असे मला वाटते.

चाक जड का झाले, याविषयी मला अंदाज आहे आणि तो सांगताना आईने मनाला लावून घेऊ नये. इतकी वर्षे आपण त्यात खोबरेल तेल घालत आलो. घरचे, स्वच्छ, नारळ आपल्याच परसातले, म्हणून ते उत्तम असे आपण मानले. पण खोबरेल थंडीत गोठते आणि पुढे चिकट होऊन त्यात कापडाचे तंतू व धूळ बसते. मशीनचे तेल पातळ असते आणि पातळच राहते. आपल्याकडच्या पावसाळ्यात, हवेत इतका दमटपणा असताना, हे तेल गंजापासूनही मशीनला वाचवते. बाबांनी पायडलवरून येणारा चामडी पट्टा चाकावरून काढून चाक नुसते हाताने फिरवावे. तरीही जड लागले तर अडचण वरच्या मशीनमध्ये आहे, हलके लागले तर खालच्या पायडलच्या सांध्यांमध्ये. दोन्ही ठिकाणी मी येऊन रॉकेलने जुना चिकटा काढीन आणि नवे तेल देईन. गेल्या वर्षी जो कारागीर पाहून गेला, त्याने मशीन न उघडताच ‘आता नवे घ्या’ असे सांगितले होते. त्या एका वाक्यावर निर्णय होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

उरला प्रश्न गुडघ्यांचा, आणि तोच खरा प्रश्न आहे. मी दोन मार्गांचा विचार केला. चाकाला हाताचे हँडल बसवता येते, पण मग उजवा हात चाकात अडकतो आणि कापड एकट्या डाव्या हाताने सांभाळावे लागते. झबल्याचा गोल गळा वळवताना आईला ते फार कठीण जाईल. दुसरा मार्ग लहान मोटरचा. ती चाकाखाली, मशीनच्या खांबाच्या मागच्या अंगाला स्क्रूने बसते, रबरी पट्ट्याने चाक फिरवते आणि जमिनीवरची छोटी पट्टी केवळ चवड्याने दाबायची असते, गुडघा हलतसुद्धा नाही. वीज गेली तर रबरी पट्टा काढून जुना चामडी पट्टा पुन्हा घालता येतो.

बाबा, घरातल्या कामाला वीज आणि मोटर जोडणे तुम्हाला रुचत नाही, हे मी जाणते. परंतु ज्यांचे विचार तुम्ही आम्हाला लहानपणी समजावून सांगितलेत, त्या गांधीजींना १९२४ साली विचारले गेले होते की त्यांचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का, आणि तेव्हा त्यांनी अपवाद म्हणून सिंगरच्या शिवणयंत्राचे नाव घेतले होते. बायकोचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहवले नाहीत म्हणून सिंगरने ते घडवले, त्यामागे प्रेम होते, असे त्यांचे म्हणणे होते. मोटर आणण्यामागे माझाही हेतू तोच आहे.

आई, वाड्यावर नवे मूल आले की बाराव्या दिवसाआधी तुझ्या हातचे झबले त्या घरी पोहोचलेले असायचे. गेली दोन वर्षे ते थांबले आहे, आणि तू त्याविषयी बोलत नाहीस तरी मला ते दिसते. मशीन दुरुस्त होण्यासारखे असताना ते वजनावर विकले जावे, हे मला सहन होणार नाही.

चवथीच्या आधीच्या शनिवारी मी मोटर, सुया, तेल आणि नवा पट्टा घेऊन येते. तोपर्यंत बाबांनी चाकाखालच्या खांबावर मागच्या बाजूने स्क्रूचे भोक आहे का, ते पाहून मला फोनवर कळवावे, कारण त्यावरून मोटर बसवायची पट्टी निवडायची आहे. रंगाऱ्याला पडवीच्या त्या कोपऱ्यात दोन दिवस उशिरा बोलवावे आणि मशीनवर जुनी चादर घालून ठेवावी.

तुमची,
बाय

ता. क. आई, झबल्याच्या मलमलीला आपण जी १६ नंबरची सुई वापरत होतो ती फार जाड पडते. मी ११ नंबरची आणते. तिची जाडी पाऊण मिलिमीटर असते आणि मलमलीला भोके दिसत नाहीत. तुझ्याकडची जुनी बॉबिने मात्र एकही टाकू नकोस, ती तुझ्या मशीनला बरोबर बसतात.