व्यवसाय विकताना पेट्या मोजून भागत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शेतीपूरक जोडधंदा सुरू कसा करावा, यावर वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून येते. तो विकायची वेळ आली तर काय, यावर क्वचितच. मी मधमाश्या पाळते. पेटीचा मधाने भरलेला मोठा कक्ष ३५ किलोच्या आसपास भरतो. तो उचलणे आता माझ्या पाठीला झेपत नाही आणि घरात पुढे चालवणारे कोणी नाही. म्हणून व्यवसाय विकायला काढला आहे.

बघायला येणारा पहिला प्रश्न विचारतो, "पेट्या किती?" अहो, पेटी म्हणजे नुसते लाकूड! भाव ठरायला हवा तो आतल्या वसाहतीचा. पेटीत टांगलेल्या किती चौकटींवर माश्या बसल्या आहेत, अंडी-अळ्या किती, राणी कोणत्या सालची आहे, हे पाहावे. माझ्याकडे राणीच्या पाठीवर रंगाचा ठिपका असतो. जगभरच्या मधपाळांचा हा संकेत आहे: साल १ किंवा ६ ने संपत असेल तर पांढरा, मग क्रमाने पिवळा, लाल, हिरवा, निळा. वर्ष-दोन वर्षांनी राणीचे अंडी घालणे मंदावते, त्यामुळे हा ठिपका आणि पेटीवार नोंदवही घेणाऱ्याने आधी मागावी. विकणाऱ्याने ती न मागताही पुढे ठेवावी.

फुलोऱ्यात सौदा ठरवून ताबा दोन महिन्यांनी देण्याची घाई तर कोणीच करू नये. ऐन हंगामात कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे जगते. बोलणी करताना दाखवलेल्या माश्यांपैकी ताब्याच्या दिवशी जवळपास एकही उरलेली नसते. मधल्या काळात फुले संपली तर वसाहत निम्मीसुद्धा होते. अंतिम मोजणी ताब्याच्या दिवशीच, दोघांनी मिळून, प्रत्येक पेटी उघडून करावी, असा माझा आग्रह आहे.

रोगाबाबत तर काहीही झाकू नये. अमेरिकन फाउलब्रूड या अळ्यांच्या रोगाचे बीजाणू जुन्या पेटीत, मेणात कित्येक दशके टिकतात. स्वस्तात घेतलेली रिकामी पेटी नव्या माणसाच्या सगळ्या वसाहती संपवू शकते. व्हरोआ माइट या माश्यांवर जगणाऱ्या कोळीकीटकाची तपासणी सोपी आहे. राणी बाजूला ठेवायची, अर्धा कप, म्हणजे साधारण ३०० माश्या बरणीत घ्यायच्या, पिठीसाखरेत घोळवायच्या आणि जाळीतून खाली पडलेले कोळीकीटक मोजायचे. घेणाऱ्यासमोर हे करून दाखवायला मला कधीच कमीपणा वाटला नाही.

मात्र खरी मालमत्ता कागदावर येतच नाही. कोणत्या बागेत फुलोरा कधी येतो, कोणता बागायतदार फवारणीच्या आदल्या दिवशी निरोप देतो, पाणी कुठे जवळ आहे, हे सगळे माणसांच्या ओळखीवर चालते. त्या जागा माझ्या नाहीत, त्यामुळे मी त्या विकूही शकत नाही. घेणाऱ्याला सोबत नेऊन ओळख करून देणे तेवढे माझ्या हातात आहे. आणि पेट्या हलवायच्याच असतील तर संध्याकाळनंतर, दार बंद करून, निदान पाच किलोमीटर लांब न्याव्यात. त्याहून जवळ नेल्या तर बाहेर पडलेल्या माश्या जुन्याच जागी परततात.

म्हणून माझी अट अशी आहे. पैशाचा मोठा भाग ताब्याच्या वेळी, उरलेला एक पूर्ण वर्षाचे चक्र पार पडल्यावर. तोवर मी सोबत राहीन, वसाहतींचे विभाजन आणि फुलांच्या टंचाईतले खाद्य समोर उभी राहून शिकवीन. दोघांना यापेक्षा लवकर मोकळे व्हायचे असते, हे मला कळते. पण फुलोरा, टंचाई आणि पुन्हा फुलोरा असे एकदा पाहिल्याशिवाय नवा माणूस या वसाहती सांभाळू शकेल, असे मला वाटत नाही.

रोपवाटिका, अळिंबी, रेशीम अशा व्यवसायांतल्या ज्या वाचकांनी आपला धंदा दुसऱ्याच्या हाती सोपवला आहे, त्यांनी हा सोबतीचा काळ करारात कसा लिहिला ते आपल्या सदरातून जरूर कळवावे. मला तो मसुदा याच हंगामात लागणार आहे.

आपली,
एक मधपाळ वाचक