टोंडरचा प्रश्न सार्वमताने सुटला नव्हता

महोदय,

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावरील आपल्या लेखमालेत डेन्मार्क-जर्मनी सीमेचा दाखला आला आहे. लोकांना विचारलं, रेषा आखली, वाद मिटला, असा त्या परिच्छेदाचा सूर आहे. नोकरीनिमित्त काही वर्षं मी त्या सीमेच्या डॅनिश बाजूला काढली, म्हणून हा पत्रप्रपंच. वाद तसा मिटला नव्हता. आज डेन्मार्कमध्ये असलेल्या टोंडरसारख्या गावात तर तो मतदानानेच पेटला.

१८६४च्या युद्धात डेन्मार्क हरला आणि श्लेस्विग हा सीमेवरचा प्रदेश त्याच्या हातून जर्मनांकडे गेला. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरल्यावर व्हर्सायच्या तहानुसार तिथे सार्वमत झालं. १० फेब्रुवारी १९२० रोजी उत्तर भागाने सुमारे ७५ टक्के मतं डेन्मार्कला दिली. १४ मार्चला फ्लेन्सबर्गकडच्या भागाने ८० टक्के जर्मनीला दिली. इथवर सगळं सरळ. गोम होती मोजणीच्या नियमात. उत्तर भागाची मतं एकगठ्ठा मोजायची, दक्षिणेची मात्र गावनिहाय. त्यामुळे टोंडर शहरात तीन-चतुर्थांश लोकांनी जर्मनीला मत देऊनही शहर डेन्मार्कमध्ये गेलं. ओबेनरो आणि सोन्नरबोर्ग या शहरांतही पारडं जर्मनीकडेच झुकलं होतं. एकाच सार्वमताला दोन मापं लावल्याची ही सल जर्मन भाषकांच्या मनात पुढे पंचवीस वर्षं राहिली. हिटलर आल्यावर त्यांच्यातले बरेच जण त्याच्या मागे गेले, ते काही उगाच नाही. अर्थात त्याने त्यांचा गुन्हा हलका होत नाही.

१९४५मध्ये जर्मनी हरल्यावर हिशेब उलटा झाला. डेन्मार्कमधल्या जर्मन शाळा बंद झाल्या, इमारती जप्त झाल्या, हजारोंना अटक झाली. नाझींच्या ताब्याच्या काळात डॅनिश प्रतिकारकांसाठी उभारलेल्या फ्रोस्लेवच्या छावणीलाच फोरहुस असं नाव देऊन तिथे या जर्मनांना डांबलं. छावणी तीच, फक्त आतले आणि पहारेकरी बदलले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या जर्मन अल्पसंख्याकांनी नवी संघटना काढली आणि १९२०ची सीमा आपल्याला मान्य असल्याचं जाहीर केलं. मला विचाराल तर सार्वमताच्या दिवसापेक्षा हा दिवस मोठा.

आणि खरा तोडगा निघाला २९ मार्च १९५५ला. पश्चिम जर्मनीच्या आडेनाउअर सरकारने आणि डेन्मार्कच्या हान्सेन सरकारने आपापल्या अल्पसंख्याकांबद्दल एकेक जाहीरनामा काढला. करार नाहीच. दोघांनी आपापल्या घरात दिलेला शब्द, एवढंच. स्वतःला जर्मन किंवा डॅनिश म्हणवणं ही ज्याची त्याची मर्जी, सरकार त्याची शहानिशा करणार नाही, हे त्यातलं सर्वांत महत्त्वाचं कलम. आडनाव बघायचं नाही, घरात काय बोलता हे विचारायचं नाही. ते शहाणपणाचंही होतं, कारण टोंडरकडचे कित्येक 'जर्मन' घरात दक्षिण जटलंडची डॅनिश बोलीच बोलतात. माझ्या शेजारचे आजोबा सकाळी जर्मन वर्तमानपत्र वाचायचे आणि त्यातल्या बातमीवर बायकोशी डॅनिश बोलीत भांडायचे. दुपारी दोघं गाडी काढून सीमेपलीकडे स्वस्त बिअरचे खोके आणायला जायचे. त्या दुकानांत खरेदीला येणारे बहुतेक डॅनिशच.

या शब्दाला पैशांचं पाठबळ होतं म्हणून तो टिकला. जर्मन शाळा खासगी शाळा म्हणून चालतात, त्यांना डॅनिश सरकार अनुदान देतं, वर जर्मनीकडूनही मदत येते. १९५९मध्ये ओबेनरोला जर्मन उच्च माध्यमिक शाळा सुरू झाली, तिची परीक्षा दोन्ही देशांत चालते. मुलं डॅनिशही तितक्याच पक्क्या पायाने शिकतात. सीमेच्या दक्षिणेला डॅनिश अल्पसंख्याकांसाठी अशीच व्यवस्था आहे, शिवाय त्यांच्या पक्षाला जागा मिळवायला किमान पाच टक्के मतांची अट नाही. त्या पक्षाचा खासदार २०२१मध्ये जर्मन संसदेत पोचलाही. त्याच वर्षीच्या स्थानिक निवडणुकीनंतर, ज्या टोंडरची नगरपालिका म्हणजे शेती, गाईगुरं आणि समुद्राकाठची सपाट ओली कुरणं, तिथे जर्मन अल्पसंख्याकांच्या पक्षाचे योर्गन पॉप पीटरसन महापौर झाले. पेशाने शेतकरी. दुसऱ्या महायुद्धानंतर या गटाचा माणूस त्या खुर्चीत बसण्याची ही पहिलीच वेळ.

सगळं गोडीगुलाबीचं आहे असं मात्र कुणी समजू नये. २०१५मध्ये डेन्मार्कमधल्या हाडरस्लेवच्या वेशीवर गावाचं जर्मन नाव असलेली पाटी लागली. काही दिवसांतच तिची मोडतोड झाली आणि ती काढून टाकावी लागली. तिकडे जर्मनीतल्या फ्लेन्सबर्गच्या वेशीवर डॅनिश नाव खुशाल उभं आहे. शाळेला पैसे देणारा माणूससुद्धा पाटीवर अडतो, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

तेव्हा आपल्या लेखकांना विनंती, की हा दाखला द्यायचाच तर १९५५चा द्यावा, १९२०चा नव्हे. बेळगाव, निपाणीतल्या मराठी शाळांची हलाखी आपण लिहिताच, ती लिहायलाच हवी. पण त्या जाहीरनाम्यांची ताकद दोन्ही बाजूंनी शब्द पाळण्यात होती. लेखमालेचा पुढचा भाग निघणार असेल, तर आपला बातमीदार जत आणि अक्कलकोट तालुक्यांतल्या कन्नड शाळांतही जाऊन यावा. तिथे शिक्षक पुरेसे आहेत का, पुस्तकं वेळेवर येतात का, हे एकदा छापावं.

आपला नम्र,
एक वाचक, कोल्हापूर