ओमाची खसखस

प्रिय चिऊ,

तुझा निरोप मिळाला. "आई, चोवीस तारखेला आजीकडे मोनक्लोसं करायची आहेत, कृती पाठव," एवढंच असतं तर तुझ्या जर्मन आजीच्या, ओमाच्या, त्या नाताळच्या खसखशीच्या गोडाची कृती फोनवर सांगून मोकळी झाले असते. पण त्याखाली तू पुढे लिहिलंस की ऑफिसातल्या मुलींनी जर्मन जेवणाबद्दल विचारलं आणि तू सांगितलंस, "सॉसेज, बटाटे, पाव. बाकी काही खास नाही." यावर फोनवर बोलले असते तर आपलं वाजलं असतं. म्हणून पत्र.

काही खास नाही? ज्या घरात तू वाढलीस तिथे दोन आज्यांची, त्यातही एका आजीच्या हरवलेल्या गावाची चूल पेटत होती, आणि तुला बटाटेच आठवले!

जर्मन जेवण असं सरसकट काही नसतंच बघ. हँबुर्गकडच्या माणसाला हेरिंग मासा हवा, म्युनिकवाला दुपारी बाराच्या आत पांढरं सॉसेज संपवणार, आणि या दोघांनाही आपल्या ओपांची, तुझ्या जर्मन आजोबांची, मसुराची आमटी म्हणजे गरिबांचं खाणं वाटेल. तुझ्या वाट्याला आलंय ते दोन घरांचं: ओपांचं नैऋत्येकडच्या श्वेबियाचं आणि ओमाचं श्लेझिएनचं, म्हणजे आता बहुतांश पोलंडात असलेल्या सायलेशियाचं. पुण्यात तुला कुणी पुन्हा विचारलं तर निदान हे तरी नीट सांग.

ओपांचं सोपं आहे. त्यांच्या घराण्यातलं कुणी कित्येक पिढ्या स्टुटगार्टच्या पलीकडे फारसं गेलेलं नाही. लिन्झन मिट श्पेट्स्ले हे त्यांचं खरं जेवण: अख्खा मसूर, त्याबरोबर अंडं घालून फेटलेल्या पिठाचे ते वेडेवाकडे तुकडे, आणि बाजूला सॉसेजची जोडी. टेबलावर व्हिनेगरची बाटली हवीच, ती नसेल तर ओपा घास उचलत नाहीत. मी नवीन होते तेव्हा इथलं प्रत्येक पान मला कुणीतरी समजावून द्यायचं, हे कशाबरोबर खायचं, ते कशात बुडवायचं. मसूर आणि वरून आंबट, हे एकच मला समजावून द्यावं लागलं नाही. आमसुलाच्या जागी व्हिनेगर, एवढाच फरक. श्पेट्स्ले मात्र शिकावे लागले. पीठ चमच्यानं इतकं फेटायचं की त्याला बुडबुडे आले पाहिजेत, मग ओल्या पाटावर पातळ पसरून सुरीनं भराभर उकळत्या पाण्यात खरवडायचं. तुझ्या पापाला अजून जमत नाही. ते यंत्रातून दाबून पाडतात आणि ओपा दरवेळी तोंड वाकडं करतात.

पण त्या मसुराची गोष्ट तुला माहीत नसेल. श्वेबिशे आल्बच्या खडकाळ पठारावर शेकडो वर्षं मसूर पिकत होता. त्याचा वेल उभा राहत नाही, म्हणून ओट किंवा बार्लीबरोबर पेरतात, त्या ताटांचा आधार घेऊन तो वर चढतो. कापणीनंतर दोन्ही दाणे वेगळे करत बसायचं. किचकट काम, पिकाची शाश्वती नाही, बाहेरून मसूर स्वस्तात यायला लागला, आणि साठच्या दशकापर्यंत तिथली पेरणी जवळपास थांबली. पुढे बियाणंही नाहीसं झालं. १९८५ मध्ये लाउटराख गावच्या वोल्डेमार मामेल या शेतकऱ्यानं पुन्हा मसूर लावायला घेतला, पण दुसऱ्याच जातीचा, कारण जुनं बी कुठेच मिळेना. ते सापडलं २००६ मध्ये, रशियात! सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव संस्थेच्या बियाणे संग्रहात आल्बच्या मसुराच्या जुन्या जाती जपलेल्या होत्या. याच शहराला दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यानं वेढा घातला होता. त्या उपासमारीत संस्थेतली माणसं मेली, पण त्यांनी संग्रहातल्या धान्याला हात लावला नाही. त्या संस्थेनं जर्मनांना त्यांचा मसूर परत दिला. ओपांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "चांगली माणसं आहेत," आणि व्हिनेगर ओतून घेतलं. मला मात्र राहून राहून वाटतं, ओपा जन्मभर एका जागी राहिले आणि त्यांचा मसूर परागंदा झाला. ओमाचं बरोबर उलटं.

ओमा ब्रेस्लाऊजवळच्या खेड्यातली, हे तुला माहीत आहे. १९४५ च्या जानेवारीत रशियन फौजा आल्या तेव्हा ती सात वर्षांची होती. नाताळ होऊन महिनाही झाला नव्हता. कडाक्याच्या थंडीत गाड्या जोडून सगळं गाव पश्चिमेकडे निघालं. युद्ध संपल्यावर सीमाच सरकली आणि ब्रेस्लाऊ पोलंडचं व्रोत्सवाफ झालं, तेव्हा परत जायचा प्रश्नच उरला नाही. पूर्वेकडून असे कोटीभराहून जास्त जर्मन हुसकले गेले. फिरत फिरत ओमा, तिची आई आणि धाकटा भाऊ इकडे श्वेबियात एका शेतकऱ्याच्या घरात वरच्या खोलीत येऊन पडले. सरकारनं घरमालकांना सक्तीनं खोल्या द्यायला लावल्या होत्या, तेव्हा स्वागत कसं झालं असेल याची कल्पना कर. स्वयंपाकघर एकच. मालकीण श्पेट्स्ले खरवडणार आणि ओमाची आई शेजारच्या शेगडीवर बटाट्याचे गोळे उकडणार. "यांना साधे श्पेट्स्लेसुद्धा येत नाहीत," हे ओमानं इतक्यांदा ऐकलं की अजून कुणी श्पेट्स्लेचं कौतुक केलं की ती एक भुवई वर करते. पाहिलं असशील तू.

लोकांना ओमाची खसखशीची गिरणी फार आवडते. टेबलाच्या कडेला स्क्रूनं आवळायची ती बिडाची, वर नरसाळं आणि बाजूला दांडा. पाहुणे हमखास विचारतात, "ही ब्रेस्लाऊहून आणलेली का?" ओमा काही बोलत नाही, फक्त दांडा फिरवत राहते. खरी गोष्ट ही की ती पन्नासच्या दशकात इथल्याच भांड्यांच्या दुकानातून घेतलेली आहे. घरून आणलेलं काहीच नव्हतं. त्याआधी तिची आई कॉफीच्या गिरणीत खसखस दळायची आणि मग आठवडाभर कॉफीला तो वास यायचा. खसखस मिळायची तीही शेतकऱ्याच्या गोठ्यामागे हिनं लावलेल्या चार झाडांची. आता इथे परसात खसखशीचं, म्हणजे अफूचं झाड लावायलाही सरकारी परवानगी लागते. तेव्हा कुणी विचारत नव्हतं.

आणि तिकडचं जेवण म्हणजे नुसती मोनक्लोसं नव्हे. रविवारी श्लेझिशेस हिमेलराइख व्हायचं, सुकवलेले प्लम, सफरचंद आणि नासपती घालून शिजवलेलं धुरी दिलेलं डुकराचं मांस, आंबटगोड रसासकट. वर बोटाएवढा जाड लोण्याचा चुरा असलेला श्ट्रॉइझलकूखेन. नाताळच्या आदल्या रात्री पांढरं सॉसेज आणि आंबवलेली कोबी, कुणाकडे जिंजरब्रेडच्या रश्शातला कार्प मासा. लग्नानंतर यातलं बरंचसं मागे पडलं. ओपांच्या घरच्यांना चोवीस तारखेला बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज लागायचं, तेही मेयोनेझ नाही, गरम सूप आणि व्हिनेगर घातलेलं. ओमानं सगळं सोडलं, मोनक्लोसांची शेवटची वाटी सोडली नाही. जेवण तुमचं, शेवट माझा, असा तो तह आहे आणि अजून कुणी मोडलेला नाही.

आपण तिला घेऊन व्रोत्सवाफला गेलो होतो ते तुला आठवतं का? तू लहान होतीस, तुला ते रस्तोरस्ती बसवलेले ब्राँझचे बुटके तेवढे आठवत असतील, सगळे मोजायचे म्हणून आम्हाला दमवलं होतंस. दुसऱ्या दिवशी ओमाच्या गावी गेलो. तिच्या घरात एक पोलिश कुटुंब राहतं. त्यांनी आत बोलावलं, चहा दिला. त्या घरच्या म्हाताऱ्या बाईंचे आईवडीलही तिथले नव्हते. ते आले ल्वुफकडून, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या ल्विव्हकडून, तेही असेच १९४५ नंतर हलवलेले. ओमा हातवारे करत विचारत होती, पापा फोनवर भाषांतर करत होते, आणि बोलणं कुठून कुठे गेलं तर नाताळला तुम्ही काय करता इथपर्यंत. त्या म्हणाल्या, कुत्या. शिजवलेला गहू, मध आणि दळलेली खसखस. ओमा इतक्या मोठ्यानं हसली की कुत्रा भुंकायला लागला. त्या चुलीवर आधी एक खसखस दळली जात होती, ती गेली आणि दुसरी आली. शिवाय पोलंडच्या वरच्या सायलेशियात नाताळला जे माकुफकी करतात ते तर आपल्या मोनक्लोसांचंच भावंड, पाव आणि दूधसुद्धा तेच.

आता कृती. पाव किलो खसखस, लिटरभर दूध, वाटीभर साखर (ओमाची वाटी, तुझी नव्हे, चव घेऊन वाढव), बेदाणे, सोललेल्या बदामाचे काप, आणि शिळा पांढरा पाव. तिकडे पांढरी खसखस मिळेल, इथली निळसर करडी असते. पांढरीची चव सौम्य, रंगही खिरीसारखा येईल. आजी तर खूशच होईल, तिला अनारशाशिवाय खसखस बघायला मिळत नाही, आणि यात अंडंही नाही.

तुझ्याकडे गिरणी नाही आणि मिक्सरमध्ये कोरडी खसखस घातलीस तर दाणे नुसते भिंतीला उडत राहतील. म्हणून ती कोमट दुधात तीन-चार तास भिजव आणि त्याच दुधात बारीक वाट. दोन बोटांत चोळून बघ: कण टोचायला नको, बोटांना तेलकट लागलं पाहिजे आणि दूध सायीसारखं दाट दिसलं पाहिजे. तोवर थांबू नकोस, न फुटलेल्या खसखशीला चवच नसते. वाटण्याआधी एक चिमूट चावून मात्र पाहा. खसखस लवकर खवट होते आणि खवट वास साखरेनं झाकत नाही. दुकानदाराकडून ताजी माग, महाग असली तरी.

वाटण उरलेल्या दुधात घालून साखर टाक आणि मंद आचेवर ढवळत राहा, तळाशी लागतं. जरा आळलं की बेदाणे, बदाम घाल. तिकडच्या स्लाइस ब्रेडचा पार लगदा होईल, त्यापेक्षा आदल्या दिवशीचे लादीपाव घे, कापून तव्यावर कोरडे कर. काचेच्या भांड्यात एक थर पाव, त्यावर गरम खसखस, पुन्हा पाव, असं करत वर खसखशीनंच संपव. रात्रभर फ्रिजमध्ये. इथे आम्ही बाल्कनीत ठेवतो, पुण्यात तो विचारही करू नकोस. थंडच खायचं, चमच्यानं काढून. दिसायला अजिबात देखणं नाही, आधीच सांगते, कुणी फोटो काढायला लागलं तर काढू देऊ नकोस.

आणखी एक. जानेवारीत येशील तेव्हा तुझं तिकीट दुबईवरून आहे. इकडे खसखस मिळते, तू तिथून एक दाणाही आणायचा नाही. अमिरातीत खसखस बाळगणं गुन्हा आहे आणि तिथे "आजीसाठी होती" हे कुणी ऐकून घेणार नाही. आजीनं करंज्या दिल्या तर सारणात खसखस आहे का ते आधी विचार, असेल तर तिकडेच संपवून ये. चिवडा चालेल. ओपांना तो सूपमध्ये घालून खायला आवडतो, मी बोलणं सोडून दिलंय.

आजीला नमस्कार सांग.

तुझी आई

ता. क. पत्र ओमाला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं की बेदाणे रात्रभर रममध्ये भिजवायचं मी मुद्दाम लिहिलं नाही. लिहिलं नाही हे खरं, कारण आजी खाणार आहे. तरी तिचा हट्टच असल्यामुळे लिहिते: एक छोटं भांडं वेगळं कर, त्यावर नीट चिठ्ठी लाव, आणि ते फ्रिजच्या मागच्या बाजूला ठेव.